रणगाडा खरा, दावा खोटा

संशोधनाची तयारी करणाऱ्या मित्रमैत्रिणींनो, आज एका रणगाड्याचं परीक्षण करूया. परीक्षण हा शब्द मुद्दाम वापरतेय. शोधनिबंधाचं परीक्षण करताना आपण काय बघतो? त्यात एक दावा असतो, त्या दाव्यासाठी मांडलेला पुरावा असतो, आणि हे दोन्ही एकमेकांना धरून आहेत का, ते तपासायचं असतं. चौकातलं स्मारकही हेच करतं. चौथऱ्यावर एक वस्तू ठेवतं आणि सांगतं, "हे बघा, असं घडलं होतं." म्हणजे दावा आला, पुरावाही आला. मग आपलं काम आलंच.

त्यातही रणगाडा हा फार पटकन पटणारा पुरावा आहे. पुतळा कुणीतरी घडवलेला असतो हे आपल्याला ठाऊक असतं, त्यामुळे मनातल्या मनात आपण थोडी सूट धरतो. रणगाडा मात्र खराखुरा. तो कारखान्यातून आलेला असतो, हात लावला तर थंड पोलाद लागतं. एवढ्या मोठ्या धुडासमोर उभं राहून "कशावरून?" असं विचारायला जीभ रेटत नाही. गफलत तिथेच होते. वस्तू खरी असणं आणि वस्तूबद्दलचा दावा खरा असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीचा खरेपणा दुसरीला आपोआप मिळत नाही. आजचं सगळं बोलणं या एका मुद्द्याभोवती आहे.

उदाहरण म्हणून प्राग शहरातला एक रणगाडा घेऊ. जगात चौथऱ्यावर चढवलेले रणगाडे पुष्कळ आहेत, पण याच्याइतकी चांगली शिकवणी दुसरा क्वचितच देईल.

तेवीस की चोवीस?

मे १९४५. युरोपातलं दुसरं महायुद्ध संपत आलं होतं. ५ मे रोजी प्रागच्या नागरिकांनी जर्मन सैन्याविरुद्ध उठाव केला. रस्त्यांवर अडथळे उभारून ते चार दिवस लढले. ९ मेच्या पहाटे सोव्हिएत रणगाडे शहरात पोचले. जनरल लेल्युशेन्को यांच्या चौथ्या गार्ड्स टँक आर्मीतल्या ६३ व्या ब्रिगेडचा एक रणगाडा मानेस पुलाजवळच्या चकमकीत निकामी झाला. तो टी-३४-८५ प्रकारचा होता, त्याचा क्रमांक होता २४, आणि त्याचा कमांडर लेफ्टनंट इव्हान गोंचारेन्को त्या चकमकीत मारला गेला.

पुढे अडीच-तीन महिन्यांत, २९ जुलै १९४५ रोजी, प्रागच्या स्मिखोव भागात उंच दगडी चौथऱ्यावर एक रणगाडा बसवण्यात आला. मुक्तिदात्या सोव्हिएत रणगाडा सैनिकांचं हे स्मारक. चौकालाही नंतर त्यांचंच नाव मिळालं. प्रागमध्ये शिरलेला पहिला सोव्हिएत रणगाडा तो हाच, असं पुढच्या पिढ्यांना सांगितलं गेलं.

आता वस्तूकडे बघा. चौथऱ्यावरचा रणगाडा टी-३४-८५ नव्हता, आयएस-२ होता. त्यावर २४ नव्हे, २३ हा आकडा होता. हा नुसता तपशिलाचा फरक नाही. टी-३४-८५ चं वजन साधारण ३२ टन, आयएस-२ चं ४६ टन. एकाच्या तोफेचा व्यास ८५ मिलिमीटर, दुसऱ्याच्या १२२. आयएस ही अक्षरं इओसिफ स्टालिन या नावाची आद्याक्षरं. आणि मला सगळ्यात बोलका वाटतो तो फरक वेगळाच आहे. टी-३४-८५ मध्ये पाच जणांची जागा असते, आयएस-२ मध्ये चारच. म्हणजे ज्या पाच जणांच्या आठवणीसाठी हे उभारलं, त्यांतल्या एकाला त्यात बसायला जागाच नव्हती.

इथे दावे सुटे करून बघायची सवय लावून घ्या. एक : हा दुसऱ्या महायुद्धातल्या प्रकारचा सोव्हिएत रणगाडा आहे. खरं. दोन : प्राग घेताना सोव्हिएत सैनिक मेले. खरं. तीन : हाच तो पहिला रणगाडा. खोटं. दोन खऱ्यांच्या खांद्यावर बसून तिसरं खोटं गावभर मिरवून आलं. वाईट शोधनिबंधही बहुधा असाच रचलेला असतो. त्यात धडधडीत खोटं क्वचितच असतं. दोन नीट मोजलेल्या गोष्टींच्या आधारावर तिसरी न मोजलेली गोष्ट अलगद पुढे ढकललेली असते. वाचणारा पहिल्या दोन तपासतो, समाधानाने मान डोलावतो आणि तिसरीवर सही करून मोकळा होतो.

"पहिला" या शब्दाचीही झडती घ्या. ९ मे रोजी प्रागकडे लेल्युशेन्को यांची एकच आर्मी धावत नव्हती; रिबाल्को यांची तिसरी गार्ड्स टँक आर्मीही त्याच दिवशी शहरात आली. मग पहिला म्हणजे कुठल्या दिशेने पहिला? शहराची हद्द ओलांडणारा, की नदीच्या पुलापर्यंत पोचणारा? व्याख्या न करता "पहिला" म्हणणं म्हणजे एकक न लिहिता आकडा देणं. तुमच्या सिनॉप्सिसमध्ये "या विषयावरचा हा पहिलाच अभ्यास" असं वाक्य असेल, तर आधी ते घासून बघा.

हेतू वाचता येत नाही, परिणाम मोजता येतो

आता मोह होतो तो असा : हे सगळं कारस्थान होतं, मुद्दाम मोठा रणगाडा आणून ठेवला, असं म्हणून टाकायचं. थांबा. हेतू हा वस्तूवरून वाचता येत नाही. त्यासाठी पत्रं, आदेश, बैठकांच्या नोंदी लागतात. वस्तूवरून आपण परिणाम सांगू शकतो, आणि तो पुरेसा गंभीर आहे. चौदा टन जास्त वजनाचा, जास्त जाड नळीचा रणगाडा उंच चौथऱ्यावर चढला. खालून बघणाऱ्याला दिसली ती ताकद. पुलाजवळ मोडून पडलेला, आत माणूस गमावलेला रणगाडा दिसला नाही. स्मारक शहीदांचं होतं, पण समोर होतं ते मरणाचं कुठलंही चिन्ह अंगावर नसलेलं यंत्र.

आणखी काय दिसलं नाही? चार दिवस रस्त्यावर लढलेले प्रागचे नागरिक दिसले नाहीत. जनरल व्लासोव यांच्या सैन्याची एक तुकडीही दिसली नाही. जर्मनांच्या बाजूने उभे राहिलेले हे रशियन सैनिक ऐन उठावात जर्मनांवरच उलटले होते. ही गुंतागुंत कुठल्याच चौथऱ्यावर मावत नाही, हे मान्य. पण जे मावत नाही ते घडलंच नाही, असं पुढे वाटायला लागतं, आणि स्मारकाचं खरं नुकसान तिथे असतं. नमुना निवडताना आपण काय वगळलं, हे शोधनिबंधात लिहावं लागतं. चौथऱ्यावर तसा रकाना नसतो.

या टीकेने शहीदांचा अपमान होतो का? मला उलट वाटतं. गोंचारेन्को नावाचा एक खरा माणूस युद्ध संपता संपता मेला. त्याच्या रणगाड्याचा आकडासुद्धा स्मारकाने बरोबर ठेवला नाही. चोवीसचे तेवीस झाले आणि दशकानुदशकं शाळेतली मुलं तेवीसला फुलं वाहत राहिली. नोंद दुरुस्त करणं म्हणजे त्या माणसाला त्याची जागा परत देणं. "एवढं बारीक कशाला बघायचं?" असं म्हणणारे तुम्हाला संशोधनात पदोपदी भेटतील. त्यांना हे उदाहरण सांगा.

या तेवीसवरून आणखी एक इशारा. १९४५ मध्ये २३ मिळवा. १९६८ येतात. आणि १९६८ च्या ऑगस्टमध्ये सोव्हिएत रणगाडे खरोखरच पुन्हा प्रागमध्ये घुसले; या वेळी चेकोस्लोव्हाकियातल्या राजकीय सुधारणा चिरडायला. अंगावर काटा येतो ना? तो येऊ द्या, पण वहीत लिहू नका. घटना घडून गेल्यावर आकडे जुळवायला बसलं की काहीतरी जुळतंच. २३ ऐवजी २४ असता तर हा हिशोब कुणी केलाच नसता, आणि न जुळलेल्या हिशोबांची यादी कुणी ठेवत नाही. विदा हातात आल्यावर गृहीतक रचणं आणि गृहीतक आधी लिहून मग विदा तपासणं, यांतला फरक समजवायला यापेक्षा सोपं उदाहरण मिळणार नाही.

दोन गुलाबी थर

१९६८ नंतर त्या चौथऱ्यावरचा रणगाडा तोच राहिला, पण तो बघणारी माणसं तीच राहिली नाहीत. मुक्तीची खूण आता कब्जाची खूण वाटायला लागली. एकाच वस्तूचे दोन अर्थ झाले आणि दोन्हींना आधार होता.

१९८९ मध्ये कम्युनिस्ट राजवट गेली. एप्रिल १९९१ च्या अखेरीस एका रात्री डाव्हिड चेर्नी हा कलेचा विद्यार्थी आणि त्याचे मित्र यांनी तो रणगाडा गुलाबी रंगवला आणि वर एक उभं बोट बसवलं. तेव्हा सोव्हिएत सैन्याची शेवटची पथकं देश सोडून जायची होती, ती जूनमध्ये गेली. सोव्हिएत सरकारने निषेध नोंदवला. चेर्नीला अटक झाली. सैन्याने रणगाडा पुन्हा हिरवा केला. मग मे महिन्यात संसदेच्या काही सदस्यांनी स्वतः ब्रश हातात घेऊन तो परत गुलाबी केला. त्यांना खासदार म्हणून कायद्याचं संरक्षण होतं. पुढे रणगाड्याचा राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा गेला, तो चौथऱ्यावरून उतरवला गेला, आणि आज तो प्रागजवळच्या लेशानी इथल्या लष्करी तंत्रज्ञानाच्या संग्रहालयात गुलाबी रंगातच उभा आहे.

विज्ञानाच्या विद्यार्थ्यांसाठी इथे एक कल्पनेतला प्रयोग. समजा, तुम्हाला त्या रणगाड्यावरचा रंगाचा एक कण दिला. जुन्या चित्रांच्या तपासणीत करतात तसा तो रेझिनमध्ये बसवायचा, कडेने घासून गुळगुळीत करायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा. रंगाचे थर एकावर एक दिसतील : खाली हिरवे, मग गुलाबी, मग हिरवा, मग पुन्हा गुलाबी. क्रम पक्का कळेल, कारण वरचा थर खालच्याच्या आधी लागू शकत नाही. रंगद्रव्य कोणतं तेही कळेल.

पण पहिला गुलाबी थर गुन्हा ठरला आणि दुसरा ठरला नाही, हे सूक्ष्मदर्शक कधीच सांगणार नाही. रसायन जवळपास तेच, रंग तोच, पत्रा तोच. फरक आहे तो ब्रश कुणाच्या हातात होता याचा. त्यासाठी पोलिसांची नोंद, संसदेचं कामकाज आणि त्या वेळची वर्तमानपत्रं वाचावी लागतात. उलट बाजूही लक्षात ठेवा. नुसते कागद वाचणाऱ्याला कागद सांगतील की हा पहिला रणगाडा. आयएस-२ आणि टी-३४-८५ यांतला फरक वस्तूसमोर उभं राहूनच पकडता येतो. प्रयोगशाळावाल्यांनी दप्तरखान्याला आणि दप्तरखान्यावाल्यांनी प्रयोगशाळेला नाक मुरडायची आपल्याकडे रीत आहे. हा रणगाडा दोघांनाही गप्प बसवतो.

चेर्नीच्या कृतीवरही एक टीका करायला हवी, नाहीतर आपलं परीक्षण एकतर्फी होईल. गुलाबी रंगाने स्मारकाचा दरारा एका रात्रीत उतरवला, त्याबद्दल वाद नाही. पण दावा क्रमांक तीन त्याने तसाच राहू दिला. लोक आधी "मुक्तीचा पहिला रणगाडा" म्हणत होते, नंतर "गुलाबी रणगाडा" म्हणू लागले. चोवीस क्रमांकाचा प्रश्न दोन्हीकडे बाजूलाच राहिला. खिल्ली उडवली की खंडन झालं, असं समजू नका. खंडन करायला आकडा दुरुस्त करावा लागतो.

चौथरा नसलेला रणगाडा

कुठल्याही प्रयोगात तुलनेसाठी एक कंट्रोल लागतो. आपल्याला चौथरा नसलेला, पाटी नसलेला, कुणी काही दावा न केलेला रणगाडा हवा. तसा एक कॅरिबियन समुद्रात, प्वेर्तो रिकोजवळच्या कुलेब्रा बेटावर आहे. तिथल्या फ्लेमेन्को किनाऱ्यावर वाळूत अमेरिकन शर्मन रणगाडा गंजत पडलेला आहे. अमेरिकन नौदल कित्येक वर्षं या बेटावर तोफांचा आणि बाँबचा सराव करत होतं. बेटावरच्या लोकांनी चिवट आंदोलन केलं आणि १९७५ मध्ये सराव थांबला. सैन्य गेलं, निशाणा म्हणून वापरलेले रणगाडे मागे राहिले. आता पर्यटक त्यावर रंग फासतात, नावं लिहितात, फोटो काढतात.

हा रणगाडा काहीच सांगत नाही, आणि म्हणूनच तो जास्त प्रामाणिक आहे. तो जिथे वापरला गेला त्याच बेटावर, त्याच किनाऱ्यावर पडलेला आहे. उत्खननात सापडलेली वस्तू मूळ जागी किती महत्त्वाची असते, हे पुरातत्त्वाचे विद्यार्थी जाणतातच. जागा हाच अर्धा पुरावा असतो. प्रागचा रणगाडा मानेस पुलाजवळ मोडलेल्या अवस्थेत राहिला असता, तर त्याने पाटीशिवाय सगळं सांगितलं असतं. चौथऱ्यावर चढवणं म्हणजे वस्तूला तिच्या जागेपासून तोडणं. जागा तुटली की तिची भरपाई शब्दांनी करावी लागते, आणि शब्दांपाशी फेरफाराला वाव मिळतो. पण म्हणून पाटी नको, असंही नाही. कुलेब्राचा इतिहास ठाऊक नसलेल्याला तो रणगाडा म्हणजे फोटोसाठी छान जागा. मुकी वस्तू खोटं बोलत नाही, पण तिला काय सोसावं लागलं तेही आपणहून सांगत नाही.

आपल्या दारात

हे सगळं परदेशाचं झालं, असं म्हणून सोडून देऊ नका. जुलै २०१७ मध्ये दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात कारगिल विजय दिनाच्या निमित्ताने झालेल्या कार्यक्रमात तत्कालीन कुलगुरूंनी आवारात लष्कराचा रणगाडा ठेवायची इच्छा बोलून दाखवली. विद्यार्थ्यांना सैनिकांच्या बलिदानाची सतत आठवण राहावी, हा उद्देश. त्यावर देशभर वाद झाला. कुणाला त्यात देशप्रेम दिसलं, कुणाला दरारा. आपण संशोधक म्हणून वेगळाच प्रश्न विचारू : कुठला रणगाडा? कारगिलची लढाई उंच कड्यांवर झाली. ती पायदळाने चढून आणि तोफखान्याने मारा करून जिंकली. त्या लढाईची आठवण रणगाड्याने ठेवायची, तर पुन्हा प्रागच्याच वाटेने जाणं झालं. पुराव्याला धरून असलेली वस्तू बाजूला आणि नुसती वजनदार वस्तू पुढे. कड्यावर चढलेल्या जवानाचं ओझं रणगाड्याच्या टनांत मोजता येत नाही.

उलट अहिल्यानगरला, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरला, आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलचं रणगाड्यांचं संग्रहालय आहे. ते १९९४ मध्ये सुरू झालं. महाराष्ट्रातल्या बऱ्याच शाळांच्या सहली तिथे जातात. तुम्हीही जा, पण या वेळी वही घेऊन जा. तिथला पॅटन रणगाडाच घ्या. हा रणगाडा अमेरिकेत बनला, पाकिस्तानच्या सैन्याने वापरला आणि १९६५ च्या युद्धात भारताच्या हाती लागला. खेमकरणजवळ असल उत्तर इथे त्या सप्टेंबरमध्ये इतके पॅटन अडकले की त्या जागेला पॅटन नगर म्हणू लागले. एका पोलादी पेटीत तीन देशांच्या नोंदी आहेत. त्यासमोर उभं राहून पुढचे प्रश्न विचारा :

१. ही वस्तू नेमकी कोणत्या प्रकारची आहे, आणि ते मी पाटी न वाचता कशावरून ओळखेन?
२. पाटी "असा रणगाडा" म्हणते की "हाच तो रणगाडा"? पहिल्याला प्रकार पुरतो, दुसऱ्याला क्रमांक लागतो.
३. ती इथे कुठून आली, आणि मधल्या प्रवासाची नोंद कुठे असेल?
४. अंगावरच्या खुणा लढाईच्या आहेत, हवामानाच्या, की नंतरच्या रंगकामाच्या?
५. ही वस्तू दाखवताना कोण दिसेनासं झालं?

हेच पाच प्रश्न तुमच्या बाटलीतल्या नमुन्याला, डाउनलोड केलेल्या डेटासेटला किंवा दप्तरखान्यात मिळालेल्या पत्राला लावा. लेबलवर "विहीर क्रमांक २४" लिहिलेलं असेल आणि बाटलीत तेवीसचं पाणी असेल, तर तुमचं यंत्र कितीही महाग असू द्या, ते तेवीसचंच उत्तर अगदी अचूकपणे देईल. यंत्र खोटं बोललेलं नसेल, पाणीही खोटं नसेल. तरी तुमचं वाक्य खोटं ठरेल. आणि ते वाक्य वाचून कुणी चोवीस नंबरच्या विहिरीचं पाणी पिणार असेल, तर हा नुसता आकड्याचा प्रश्न राहत नाही.

शेवटी एक सावधगिरी. खोटा दावा सापडला की पाटी फेकून द्यायची घाई करू नका. प्रागचा रणगाडा मे १९४५ चा पुरावा म्हणून निकामी आहे, पण जुलै १९४५ चा आणि १९९१ चा तो अव्वल पुरावा आहे. कुणाला काय दाखवायचं होतं, कुणी ते सोसलं आणि कुणी ते पुसलं, हे त्याच्याइतकं स्पष्ट दुसरं काही सांगत नाही. म्हणून "हा पुरावा खोटा आहे" एवढ्यावर तुमचं टिपण थांबलं, तर गाईडने पुढचा प्रश्न विचारायच्या आधी तुम्हीच तो लिहून ठेवा : हा पुरावा मग कशाचा आहे?